सात झाडांची वाट

आंबागडच्या किल्ल्यावर सकाळी साडेसहाला माणसं तीन होती, पाण्याच्या बाटल्या दोन आणि काठी एक. साधनानं तोवर अश्विन सरांचं कौतुक पाच वेळा केलं होतं. ही शेवटची मोजदाद फक्त राजकुमारकडे होती.

साधना आणि अश्विन एकोडीला एकाच शाळेत शिकवत. सहल अश्विनच्या डोक्यातली. राजकुमार साधनाचा नवरा म्हणून आला होता.

उतरताना पहिलाच दगड निसटला. अश्विननं काठीचं टोक पुढे केलं, साधनानं ते धरलं.

“पाहा, सरांनी आठवणीनं काठी आणली,” ती म्हणाली. सहा.

“मी इकडून उतरतो,” राजकुमार डावीकडच्या पायवाटेकडे वळला. “तुमच्याआधी खालच्या नाल्यावर राहीन.”

“रस्ता माहीत आहे का तुम्हाले?” साधनानं विचारलं.

“दिसून राहिला ना.”

खरंच दिसत होता. रोजच्या पायांनी गुळगुळीत झालेला, नीट खाली जाणारा. अशी वाट नाल्यावरून गावालाच जाणार, हा तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. दहा मिनिटांत वाट एका मोहाच्या झाडाखाली आली. तिथली जमीन अंगणासारखी झाडलेली होती, तिच्यावर रात्रभर गळलेली पिवळसर फुलं होती आणि त्यांतल्या तीसेक फुलांवर राजकुमार उभा होता.

“हलू नका जी,” टोपली घेऊन सुनेबरोबर बसलेली म्हातारी गिरजाबाई म्हणाली. “अजून तुडवान. आहे तठीच बसा अन् वेचत वेचत मांगं या.”

तो बसला. “बाई, नाल्याले हेच वाट जाते ना?”

“हे वाट कोठीच जात नाही. माझ्या एका झाडाहून माझ्या दुसऱ्या झाडाले जाते. सात झाडं आहेत.”

“मंग नाल्याले?”

“सातवं झालं का आम्हीच जातो. संगं चला.”

दुसऱ्या झाडानंतर त्यानं एकट्यानं उतरून पाहिलं. बारा मिनिटांनी तो झुडपांतून बाहेर पडला, तर समोर गिरजाबाईचं तिसरं झाड. तिनं मान वर न करता रिकामी टोपली पुढे सरकवली.

झाडांखालून दरी दिसायची. चौथ्याखालून ते दोघं नाल्यातल्या एकाच दगडावर बसलेले दिसले. पाचव्याखालून अश्विन काहीतरी सांगत होता आणि साधना हसत होती. राजकुमारचा वेचण्याचा वेग वाढला.

“पाहा आत्याबाई, हात कसा चालते,” गिरजाबाईची सून तुळसा म्हणाली. “आमचे तं अजून झोपून राहिले.”

नाल्यावर तो डोक्यावर टोपली घेऊन पोहोचला.

“कोठी होते जी? दीड तास झाला,” साधना म्हणाली.

उत्तर तुळसानं दिलं. “बाई, तुमच्या घरचे लय कामाचे. पहिले तुडवले, पन मंग एक फूल नाही सोडलं. घरीबी असेच करते का?”

“घरी मेथी निवडाले बसत नाही.”

“तं आमच्याकडे पाठवा. उद्या अजून पडतीन.”

राजकुमारनं टोपली सावरली, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

“मॅडम, तो खंड्या पक्षी परत आला,” अश्विन दगडावरून हळूच म्हणाला.

“तुम्ही पाहा, सर,” म्हणत साधना उठली.

गाव तिथून दीड किलोमीटर होतं. तुळसा राजकुमारच्या उजवीकडून चालू लागली, तशी साधना मधे आली. गावापर्यंत साधना आणि राजकुमार यांच्यातलं अंतर कुठेही एका हाताच्या वर गेलं नाही.