फ्लॉपीचा पंचनामा

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या ठाण्यात कॉम्प्युटर समजणारा फौजदार एकच होता, आणि तो मी, मार्तंड वासनिक. पुण्याला बारा दिवसांचा कोर्स करून आलो होतो. त्यातले पाच दिवस मशीन बंद होतं, पण ते काही सर्टिफिकेटवर लिहीत नाहीत.

म्हणून शोभाताईंची तक्रार माझ्याकडे आली. त्या एका खनिज संशोधन संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायच्या. टेलिफोनच्या लाइनवरून कुणी अनोळखी माणूस त्यांच्या मशीनमध्ये शिरायचा आणि खाणींचे नकाशे वाचायचा.

"त्याला बाहेर काढता येते," त्या म्हणाल्या, "पण मग तो दुसरीकडे शिरन. मला तो पकडूनच पाहिजे."

मी वेषांतर केलं. म्हणजे वर्दी काढून स्वेटर घातला आणि गोपाळराव नावाचा नवा कारकून होऊन त्यांच्या खुर्चीत बसलो. दुपारी तीनला पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली : तू कोण?

टेलिफोनवाल्यांनी सांगितलं होतं, त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा, तेवढ्यात आम्ही पत्ता काढतो. मी एका बोटानं टाइप करतो, त्यामुळं वेगळी युक्ती लागली नाही. चौथ्या दुपारी पत्ता निघाला. थेट जर्मनीतलं हॅम्बुर्ग!

तिथल्या पोलिसांनी त्याला धरलं आणि खटल्यासाठी आमचं संभाषण मागवलं. ते सगळं एकाच फ्लॉपीवर होतं.

"दुसरी कॉपी नाही," शोभाताई म्हणाल्या. "जपा."

मी ती हवालदार नत्थूजींच्या हातात दिली, नीट सील करा म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो, तर फ्लॉपी फायलीत शिवलेली. दाभणानं आतल्या तबकडीसकट आरपार भोक, त्यातून सुतळी, गाठीवर गरम लाख. वर दोन पंचांच्या सह्या, बॉलपेनानं, दाबून.

"नत्थूजी, हे काय करून ठेवलं?"

"सुटा पुरावा वकील उडवून लावते, साहेब. आता पाहा, बैल जुंपला तरी निघत नाही."

शोभाताईंनी फ्लॉपी उजेडात धरली. भोकातून मी त्यांना स्पष्ट दिसत असणार.

"तुम्ही कोर्स नेमका कशाचा केला होता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

फ्लॉपी आता कुठल्याच मशीनवर वाचता येणार नव्हती. मी हॅम्बुर्गला खरं काय ते कळवलं. कित्येक महिने रोज टपाल चाळत राहिलो. चोर सुटणार, आणि तो माझ्यामुळं.

मग पत्र आलं. त्या शहाण्यानं आमचं सगळं बोलणं स्वतःच जपून ठेवलं होतं. ते त्याच्या घरी सापडलं आणि त्यावरच त्याला शिक्षा झाली. सोबत निकालाचा इंग्रजी तर्जुमा होता. आमच्या साहेबांनी सगळ्या ठाण्याला जमवलं आणि तो मराठीत सांगू लागले.

"आरोपीनं गोपाळराव नावाच्या एका भोळ्या आणि अतिशय मंद कारकुनाच्या अज्ञानाचा चार दिवस निर्दयपणे फायदा घेतला. न्यायालयाला त्या कारकुनाबद्दल सहानुभूती वाटते."

साहेबांनी चष्मा काढला.

"वासनिक, तुमचं नाव कुठंच दिसून नाही राहिलं. हा गोपाळराव कोण?"

"आहे एक ओळखीचा," मी म्हणालो.