कुलूपवाल्याचा कॉम्प्युटर

आमच्या घरात चोर शिरणं शक्यच नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकत आले आहे. ऐकवणारे अर्थातच आमचे हे. ह्यांचं कुलपांचं दुकान आहे. दाराला तीन कुलपं, प्रत्येक खिडकीला एक, साखरेच्या डब्यालासुद्धा एक! मुंग्यांना किल्ली लागत नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यामुळे कॉम्प्युटरवर "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!" अशी लाल पाटी झळकली, तेव्हा ह्यांना ती शिवीसारखी लागली. पाटीखालीच सोय होती. व्हायरस अडवणारा फुकट पहारेकरी हवा असेल तर इथे दाबा. ह्यांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक पाटी आली, आणखी एक पहारेकरी आला. असे पाच झाले.

"पाच कशाला हो?" मी विचारलं.

"आपल्या दाराला कुलपं किती?"

"तीन."

"मग? दारातून येणारा निदान दिसतो तरी. हे व्हायरस न दिसता येतात! आता बघ, माशी शिरणार नाही."

माशी शिरली नाही, हे खरं. पण कॉम्प्युटरही जागचा हलेना. एक अक्षर दाबावं, भाजी चिरून यावी, तेव्हा ते उमटायचं. मधूनमधून पहारेकरी एकमेकांविरुद्ध तक्रारी घेऊन पडद्यावर यायचे. एखाद्या घरात पाच जावा नांदाव्यात तसं चाललं होतं.

यात खरी अडकली ती आमची लेक. लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी तिने वर्षभर खपून कॉम्प्युटरवरच चित्रं काढली होती. अंधाराला घाबरणाऱ्या कासवाची गोष्ट. तिचं पहिलंच पुस्तक. चित्रं दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोचली नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ, असं प्रकाशकबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. लेक संध्याकाळभर पाठवत होती आणि चित्रं उंबरठा ओलांडत नव्हती. शेवटी ती न जेवता झोपली.

मग मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या गावात असतो आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. ह्यांना विचारलं नाही. ह्यांचं आणि माझ्या भावाचं एकमेकांवर फार प्रेम आहे, असं मी निदान देवापुढे तरी म्हणणार नाही.

"सोपं आहे, ताई," तो म्हणाला. "आता मी सांगतो तसं कर, म्हणजे मला घरबसल्या तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येता येईल. सकाळी नुसता चालू करून ठेव. मी इथून सगळं साफ करतो आणि चित्रंही पाठवतो. तुमचे कुलूपबहाद्दर उठायच्या आत काम फत्ते!"

"सकाळी माझं मौन असतं रे."

"मग तर उत्तमच! तुला काही बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही."

माझा नेम असा आहे. सकाळी उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही. लिहायचंही नाही, कारण तेही हाताने बोलणंच. आणि जप मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्या मण्यापासून. सोयीचा असता तर त्याला नेम न म्हणता सवय म्हणाले असते.

सकाळी मी कॉम्प्युटर चालू केला आणि समोरच जमिनीवर माळ घेऊन बसले. थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. इकडची खिडकी बंद, तिकडची उघड, हे पुसून टाक, ते बाजूला सार. मला फार समाधान वाटलं. माळ अर्ध्यावर आली होती.

आणि हे पाणी प्यायला उठले.

रिकामी खुर्ची आणि पडद्यावर एकटा फिरणारा बाण पाहून ह्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं. आवाजाने माझा जप तुटला.

"कोण आहे? कोण आहे आत?" हे कॉम्प्युटरला म्हणाले.

मी हात वर केला. म्हणजे थांबा, घाबरू नका.

"बरोबर. तू लांबच राहा!" हे म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तेवढ्यात भावाने एक कोरं पान उघडून त्यावर लिहिलं, "ही पाच भुतं कोणी बसवली?" समोर मी आहे, अशीच त्याची समजूत! ह्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत उत्तर टाईप केलं, "तू कोण?"

भाऊ लहानपणापासून वात्रट. तो म्हणाला, "तुझा काळ."

हे घामाघूम झाले. "काय हवंय?"

"चहा. मिळेल का?"

"चहा मागतोय!" हे ओरडले. "माझ्याच घरात घुसून चहा मागतोय!"

आरडाओरड्याने सासूबाई बाहेर आल्या. "कोण आलंय एवढ्या सकाळी? टाकू का चहा?"

"आई, चोर आहे!"

"मग बिनसाखरेचा टाकते."

मी पुन्हा पहिला मणी धरला होता. तो सोडला.

पडद्यावर अक्षरं उमटत होती, "आता गंमत पुरे. कुलूपबहाद्दर उठायच्या आत मला आटपू दे."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "ह्याला माझा धंदा माहीत आहे! मी उठतो कधी तेही माहीत आहे! ही साधी चोरी नाही. पाळत आहे, पाळत!"

"बहाद्दर म्हणालाय," सासूबाई म्हणाल्या. "अगदीच वाईट घरचा नसावा."

"पोलिसांना सांगेन," असं हे टाईप करत होते, तोवर भाऊ चित्रांपाशी पोचला. चित्रं एकेक करून त्याच्याकडे निघाली आणि एक हिरवी पट्टी हळूहळू भरू लागली. लेकही उठून आली होती. तिने ती पट्टी पाहिली आणि किंकाळी फोडली.

"बाबा! माझी चित्रं नेतोय कोणीतरी!"

आता गप्प बसणं बरं नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. मी खुणा करायचं ठरवलं. माझं आणि भावाचं नाक अगदी सारखं आहे. मी पडद्याकडे बोट दाखवलं आणि मग आपल्या नाकाला लावलं.

"वास येतोय म्हणते!" सासूबाई म्हणाल्या. "जळतंय! अरे, आत काहीतरी जळतंय!"

मी जोरात मान हलवली. नाही. मग पाळणा हलवल्यासारखे हात केले. धाकट्या भावाला मीच झोके देऊन मोठं केलं होतं.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! ह्या वयात?"

"आजी, काहीतरीच काय!" लेक रडता रडता म्हणाली.

ह्यांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी भिंतीतून वायर ओढून काढली. पडदा काळा झाला. मला वाटलं, संपलं एकदाचं. माळ पुरी करावी, शांतपणे सगळं सांगावं, आणि कॉम्प्युटर पुन्हा लावावा.

पण ह्यांना कुठलं तेवढ्यावर समाधान?

"नुसती वायर काढून काय होतंय? असलं अर्धवट कुलूप मी गिऱ्हाइकालासुद्धा विकत नाही!" ह्यांनी कॉम्प्युटरचा डबा सगळ्या तारांतून सोडवला आणि बाळासारखा उचलला.

आमच्या घरातल्या बोळात दुकानातली नमुन्याची एक तिजोरी ठेवलेली आहे. जागा नाही म्हणून तिच्यावर सासूबाई फुलझाडाची कुंडी ठेवतात. ह्या तिजोरीचा गुण असा, की एकदा लावली की संध्याकाळी सातच्या आधी ती मालकालाही उघडत नाही. "मालकाच्या मानेवर कोणी सुरी ठेवली तरी नाही!" असं हे गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगतात.

"बाबा, नको! बारापर्यंत पाठवायची आहेत!"

"चोराने नेली तर काय पाठवशील?"

मी भिंतीकडे तोंड केलं आणि जपाला लागले. असा जप मी जन्मात केला नव्हता. देवालासुद्धा म्हणावं लागलं असतं, जरा सावकाश, बाई! मागे कुंडी उतरवल्याचा आवाज आला. मग दार करकरलं. शेवटचा मणी सरला, मी वळले आणि म्हणाले, "अहो, तो माझा भाऊ आहे."

माझा आवाज मुळातच हळू. कोणी ऐकलं नाही.

"अहो, ऐकलंत का? तो माझा भाऊ आहे."

ह्यांनी डबा आत सरकवला.

तिसऱ्यांदा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सासूबाईंच्या हातातला बिनसाखरेचा चहा सांडला. "तो चोर नाही! माझा भाऊ आहे!"

खट्ट!

तिजोरी लागली.

हे सावकाश माझ्याकडे वळले. मग हे म्हणाले, "म्हणजे चोर नव्हता, मेहुणा होता?"

"हो."

"एकूण एकच!"

पण तोंडाने असं म्हणाले तरी लेक तिजोरीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, तिच्याकडे त्यांना बघवेना. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा आणला. तार आणली. हातोडीसुद्धा आणली. तिजोरी जाहिरातीत म्हटलं होतं अगदी तशीच निघाली. आपला माल इतका चांगला आहे, याचं इतकं दुःख झालेला दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी मी भावाला फोन लावला.

"ताई, तुला वेड लागलंय का?" तो सुरुवातीलाच कडाडला. "मध्येच वायर काय काढतेस? पोलिसांना सांगेन काय म्हणतेस? आणि ते पहारेकरी! पाचांतले चार स्वतःच चोर होते. घरातलं सगळं बाहेर कळवत बसले होते. पाचवा त्यांना दार उघडून देत होता!"

"ते राहू दे. चित्रं?"

"आली ना माझ्याकडे. फक्त शेवटचं अर्ध्यात तुटलं."

लेक उठली. ती कागद आणि रंग घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. शेवटच्या चित्रात कासव मान बाहेर काढून चांदण्यांकडे बघतं. ते तिने पुन्हा काढलं. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे होतो. सासूबाई मध्येच "चांदणी वाकडी झाली," म्हणाल्या, तेव्हा मुलाने आईला इतक्या वर्षांत प्रथमच गप्प केलं. रंग वाळल्यावर लेकीने फोनवर त्याचा फोटो काढून मामाला पाठवला.

"सगळी चित्रं पाठवून देतो," भाऊ मला म्हणाला. "पण भावोजींनी स्वतः सांगितलं तर!"

ह्यांनी तापलेलं भांडं धरावं तसा फोन हातात घेतला. घसा खाकरला. लेकीकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "जे चोरलं आहेस ते पाठवून दे. लवकर."

त्यांच्या मानाने ही विनवणीच होती. भावालाही ती कळली असावी. बाराच्या जरा आधी प्रकाशकबाईंचा निरोप आला, सगळी चित्रं मिळाली, शेवटचं सगळ्यात आवडलं. लेक आधी हसली, मग रडली, मग जेवायला बसली आणि कालचंही जेवली.

संध्याकाळी सात वाजता तिजोरी आपणहून उघडली. ह्यांनी कॉम्प्युटर बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि आमच्यासमोर ठेवला.

"बघा," ते म्हणाले. "सकाळपासून आत होता. शिरला एक तरी व्हायरस?"

मी पुष्कळ विचार केला. पण या बोलण्यात चूक नेमकी कुठे काढावी, ते मला अजून सापडलेलं नाही.