हवालदार बापू आणि गोठलेला मध

मेढ्यात आमच्या शेजारी राहणारे रिटायर हवालदार बापू कुणाकडेही गेले की बिनसाखरेचा चहा मागत आणि खिशातून मधाची बाटली काढत. "निम्मा चमचा पुरं! ह्यात फ्रुक्टोज हाय, फळातली साखर. कारखान्याच्या साखरंपेक्षा गोड." खोकला झाला, मध. हात भाजला, मध. एकदा माझ्या फुटलेल्या टाचेला त्यांनी मध चोपडला, आणि दिवसभर शाळेत शिकवताना मुलांपेक्षा मुंग्याच माझ्या मागे.

मधमाश्या पाळायला ते पेन्शनीत आल्यावर शिकले, पण समजावून सांगत पलटणीच्या भाषेत. "मधात दोन जवान. ग्लुकोज थंडी पडली की फॉलिन हुतंय, म्हणून मध गोठतो. फ्रुक्टोज लय बेशिस्त, मोकळंच फिरतंय. ते जास्त असलं की मध पातळ ऱ्हातो."

बायको गेल्यावर बापूंना माणूस म्हणजे एकुलती लेक शकू. तिला वाळव्याकडे ऊसवाल्यांच्या घरात दिलेली. दर दिवाळीला तिच्याकडे मध जाई, पौषात तो गोठे, आणि व्याह्यांचं कार्ड येई: 'मधात साखर घातली. आम्हाला शिकवता काय?' ते आलं की बापू गल्लीभर शिव्या घालत, मेडलं लावून एसटी गाठत.

एका वर्षी मीही हौसेने सोबत गेलो. आम्हाला पाहताच शकू पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. बापूंनी बरणी कोमट पाण्यात ठेवली. मध पातळ झाला. व्याही मिशीत हसले, "साखरबी इरघळतीच की!"

झालं, माझ्यातला मास्तर खवळला. अंगणात काडीने आकृत्या काढून मी दोन्ही साखरा अर्धा तास शिकवल्या. बापू कोपराने ढोसत होते. मला वाटलं, शाबासकीच देतायत. शेवटी व्याह्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं, हवालदार. आता मधाचा दगुड झाला तरी आमी ब्र काढायचो न्हाई."

परतीच्या एसटीत मी फुशारून म्हणालो, "जिंकलो की, बापू! पण काय हो, मला दिलेला मध तीन हिवाळे पातळच आहे. मग शकूलाच गोठणारा का?"

बापूंनी मेडलं काढून खिशात टाकली.

"तिला कारळ्याच्या फुलांचा देतो. हमखास गोठतो. आवं मास्तर, लेकीच्या दारात बापानं बिनकामाचं किती डाव जायचं? भांडायला तरी बोलवत हुते. म्हणून पाच वर्सं त्यास्नी नीट कळूच दिलं न्हाई मी."

"मग आता?"

"आता काय! तुमी लय चांगलं शिकवता, मास्तर," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.