पांढऱ्या मेंढ्याचा व्हाइट बॅलन्स

सिद्धूने नानासोंचं अख्खं घराणं निळं केलं. मुलगे, सुना, नातवंडं, सगळे! बरं, हे झालंच नाही असं समजा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या स्टुडिओत अजून तसंच समजतात. तेव्हा आपणही सज्जनासारखं मागं जाऊ आणि सिद्धू मोठा फोटोग्राफर होणार होता तिथून सुरुवात करू.

तर सिद्धू मोठा फोटोग्राफर होणार होता! माण तालुक्यातला गडी, सांगलीत इंद्रजितदादांच्या स्टुडिओत वर्षभर फ्लॅशची छत्री धरून उभा. लग्नात नवरा-नवरीनंतर सर्वांत जास्त वेळ उभा राहणारा माणूस तोच. एका मामांनी तर त्याला स्टँड समजून खांद्यावर कोट अडकवला होता! पण उभ्या उभ्या त्याने सगळी परिभाषा पाठ केली. ॲपर्चर म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यातली बाहुली. मोठी उघडली की मागचं सगळं धूसर. आयएसओ चढवला की अंधारातलंही दिसतं, पण फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला आधी एक पांढरी वस्तू दाखवून "बाबा रे, याला पांढरं म्हणतात" असं समजावायचं. मग बाकीचे रंग तो आपले आपण जुळवतो. गुणी पोरासारखा! सांगाल त्यावर विश्वास ठेवतो.

एक दिवस इंद्रजितदादा म्हणाले, "सिद्धू, बिरदेवाच्या जत्रेला तुमच्या गावच्या नानासोंची पोरं मुंबईवरनं आलीत. फॅमिली फोटो तू काढ. नानासोंनी तो नव्या घराच्या भिंतीवर लावला, तर पुढच्या लग्नात कॅमेरा तुझा."

"आन न्हाई लावला तर?"

"तर छत्री. कायमची! आणि रॉमध्ये काढ. रंग चुकला तर मागनं दुरुस्त करता येतो."

सिद्धूला हे लागलं. ज्याची चूक होणार आहे त्याने खुशाल रॉमध्ये काढावं! त्याने साधं, मागनं नीट दुरुस्त न होणारं जेपीजी लावलं, कॅमेऱ्याला हळदीच्या भंडाऱ्यापासून जपायला प्लास्टिकची पिशवी घातली, लेन्सपुरतं भोक पाडलं आणि गाव गाठलं.

देवळासमोर भंडारा असा उधळत होता की कावळासुद्धा पिवळा होऊन उडत होता. सिद्धू नानासोंच्या अंगणात पोचला. अजून भंडाऱ्यात न गेलेली मंडळी कोरे कपडे घालून ताटकळत होती. मुलांना संध्याकाळची मुंबईची गाडी धरायची होती.

सिद्धूने खांद्यावरची बॅग चाचपली. व्हाइट बॅलन्सचा पांढरा पुठ्ठा स्टुडिओतच राहिला होता!

"माझा शर्ट पांढरा हाय की," थोरला मुलगा म्हणाला.

सिद्धू तुच्छतेने हसला. "दादा, शर्टाला नीळ दिल्याली असती. त्ये खरं पांढरं न्हवं." मग त्याची नजर नानासोंच्या लाडक्या मेंढ्यावर गेली. पूजा होऊन तो नुकताच आला होता. "नाना, मेंढा पांढराच हाय न्हवं?"

"म्हंजे? दुधागत! ह्याचा बापबी पांढरा, आजाबी पांढरा!"

आता मेंढा शिंगांपासून खुरांपर्यंत भंडाऱ्यात बुडालेला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण भंडारा देवाचा, मेंढ्याचा नव्हे. तो रंगात धरायची आमच्याकडे पद्धतच नाही! जत्रेतला मेंढा पिवळा आहे असं कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याचे डोळे तपासले असते. सिद्धूने मेंढ्याची पाठ कॅमेऱ्याला दाखवली आणि सांगितलं, "ह्ये पांढरं." कॅमेऱ्याने विश्वास ठेवला, आणि ते पिवळं पांढरं दिसावं म्हणून सगळ्यातच निळं मिसळलं.

मग नानासो, त्यांची बायको राहीबाई, मुलं, सुना, नातवंडं आणि मध्ये मेंढा असे धडाधड फोटो निघाले. सिद्धूने स्क्रीन बघितली. रंग अगदी जिवंत! बघितली अर्थात पिशवीतूनच, आणि पिशवीवर देवळासमोरचा भंडारा बोटभर बसला होता. पिवळ्यातून बघितल्यावर निळा माणूससुद्धा निरोगी दिसतो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोटो उघडला.

"दादा, मॉनिटर बिघडलाय," सिद्धू ठामपणे म्हणाला. मॉनिटर बदलला. नानासो निळेच. मोबाईलवर घेतला. नानासो लहान झाले, पण निळेच! सिद्धू हटला नाही. त्याने रंगाची पट्टी पिवळ्याकडे ओढली, तर सगळ्या घराला कावीळ झाली. शेवटी फोटो काळा-पांढरा करून टाकला, तेवढ्यात फोटो न्यायला नानासो आणि राहीबाई दारात!

"आरं, माझा असला फोटो? मी गेलो व्हय रं? हार कुटं घालायचा, त्येबी सांग!"

सिद्धूने घाबरून मूळ फोटो दाखवला. राहीबाईंनी किंचाळून नवऱ्याचं मनगट धरलं. "आवं, समद्यास्नी इख चढलंय!"

"पोरं तर मुंबईला गेली," नानासो पुटपुटले. "आता पुना कवा जमायची?" मग नानासोंची मान हळूहळू पुढं आली.

"आन ह्यो... ह्यो माझा मेंढा?"

त्या निळ्या घराण्याच्या मधोमध मेंढा धुतल्या तांदळासारखा चमकत होता!

"गड्या, जलमला तवाबी येवढा पांढरा नव्हता! मानसं काप. मेंढा मोटा कर."

"आवं, पोरं?" राहीबाई म्हणाल्या.

"पोरं काय, दिवाळीला यित्याल! मेंढा असा पुना गावंल?"

मेंढा भिंतीवर लागला. इंद्रजितदादांनी शब्द पाळला आणि पुढच्या लग्नाचा कॅमेरा सिद्धूच्या हातात दिला. पण तोवर राहीबाईंनी पोरांसाठी मुंबईला पाठवायला लावलेला मूळ फोटो सुनेने गावच्या ग्रुपवर टाकला होता. नवरीचे वडील शंभूराज स्टुडिओत येऊन टेबलावर हात आपटून म्हणाले, "पोरगी आमची गोरी हाय. मांडवातबी गोरीच ऱ्हाईल, आसं लेखी पायजे! न्हाईतर ह्यो गडी छत्री धरंल."

हार मानेल तो सिद्धू कसला! त्याने त्याच दुपारी अर्ज लिहून गावी धाडला:

"मा. अध्यक्ष, यात्रा कमिटी यांसी. विषय : भाविकांचा मूळ रंग प्रमाणित करणेबाबत. महोदय, नानासो व त्यांचे कुटुंबीय हे फोटो काढतेवेळी जन्मजात रंगाचेच होते व त्यांचा निळेपणा तात्पुरत्या, तांत्रिक स्वरूपाचा होता, असा दाखला सही-शिक्क्यानिशी मिळावा. तसेच पुढील यात्रेपासून किमान एक मेंढा भंडाऱ्याविना, पांढऱ्या रंगाचा अधिकृत नमुना म्हणून, देवाच्या परवानगीने राखीव ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."