आधी नेम सांगा

आमच्या नागमणीअक्कांना शिवी दिलेली चालते, पण ती कुणाला दिली हे आधी सांगावं लागतं. नाव न घेता कुणी ओरडलं की त्या मशीन थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "नेम कुणावर?"

भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवायचं आमचं वर्कशॉप. अक्का तिथल्या सगळ्यात जुन्या. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका भाजीची वाटावाटी करतात, अक्का डब्याखालून पत्ते काढतात. रमीचे नव्हेत. यांच्यावर राक्षस, जादूगार, आग ओकणारे अजगर. मुलगी लावण्या शाळेत असताना हा खेळ घरात शिरला. ती नोकरीला हैदराबादला गेली, पत्ते अक्कांकडे राहिले. त्यावरचं इंग्रजी अक्कांना वाचता येत नाही, पण कुठला पत्ता काय करतो ते तोंडपाठ. नावंही त्यांनीच ठेवलेली. आग ओकणारा तो बॉयलर. ढाल घेतलेला ढेरपोट्या तो वॉचमन.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. हल्ल्याचा पत्ता टाकताना तो कुणावर, समोरच्यावर की त्याच्या एखाद्या पत्त्यावर, ते मोठ्यानं सांगायचं. एकदा सांगितलं की नेम बदलायचा नाही. मग समोरच्याला उत्तराची संधी. त्यानं काटीचा पत्ता टाकला तर हल्ला जागच्या जागी रद्द. वॉचमन मात्र हल्ला रद्द करत नाही, दुसऱ्यावरचा नेम स्वतःवर ओढून घेतो. मी घाईनं पुढचा पत्ता उचलायला गेले की अक्का हातावर मापाचा टेप मारायच्या. "थांब. माझं उत्तर बाकी हाय." चार महिने मी रोज हरले आणि खरं सांगते, रोज चिडले.

मग मी तो पराक्रम केला. मुलींच्या शाळेच्या शर्टांच्या अख्ख्या गठ्ठ्याला मुलांच्या बाजूनं काजं पाडली. काज एकदा कापलं की बुजत नाही. शेठ दारातूनच गरजत आले, की तुम्ही सगळ्या आंधळ्या आहात.

अक्कांची मशीन थांबली. चष्मा वर गेला. "सगळ्यांवर नेम धरता येत न्हाय, शेठ. नाव घ्या की."

शेठनी घेतलं. माझंच. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. घरात कमावणारी मी एकटी.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "माझं उत्तर बाकी हाय. गठ्ठा पोरांचा म्हणून मीच दिलता तिला. काय बोलायचं ते मला बोला."

धडधडीत खोटं. गठ्ठा मी स्वतः उचलला होता. शेठनी फर्मावलं, रविवारी येऊन काजांच्या सगळ्या पट्ट्या तुम्हीच बदलायच्या. येते की, असं म्हणून अक्कांनी मशीन सुरू केली.

रविवारी मी न सांगता गेले. अक्कांनी मोबाइल दोऱ्याच्या मोठ्या रिळाला टेकवून ठेवला होता. दर रविवारी चारला लावण्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि मायलेकी पत्ते खेळतात, लेकीचे पत्ते अक्का न बघता फोनसमोर धरतात आणि ती सांगेल तो टाकतात, हे सगळ्या वर्कशॉपला माहीत. अक्काच सांगतात. चार वाजून गेले. फोन गप्प. अक्कांनी तरी कटिंगच्या टेबलावर दोन डाव वाटले, एक स्वतःचा आणि एक समोरच्या रिकाम्या स्टुलापुढं, लावण्याचा.

"दोन म्हैने झालं, फोन येत न्हाय," त्या म्हणाल्या. "कामं असत्यात तिला. आपण वाटून ठिवायचं."

मला रडू आलं. न पाहिलेल्या त्या लावण्याचा रागही आला. मी स्टुलावर बसले, तिचे पत्ते उचलले आणि बॉयलर टाकला.

अक्कांचा चष्मा कपाळावर गेला. "नेम कुणावर?"

"तुमच्यावर, अक्का."

दोन महिन्यांत रविवारी त्यांच्यावर कुणी नेम धरला नव्हता. पदरानं डोळे पुसत त्यांनी टेप उचलला आणि माझ्या हातावर फटका दिला.

"थांब. माझं उत्तर बाकी हाय."