बीटरवर धावणारी आगगाडी

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने माळ्यावर चढू नये असा काही कायदा नाही. असता, तर त्या नाताळात घरातल्या सगळ्यांचाच त्रास वाचला असता.

आमचा चष्मेवाला चढला तो नाताळच्या झाडाला लावायचे चमचमते गोळे काढायला. उतरला तो पत्र्याची एक आगगाडी, रुळांसकट, छातीशी कवटाळून. गोळे वरच राहिले.

"अगं, लवकर ये! बघ काय सापडलं!" त्याचे डोळे भरून आले होते. (निम्मे आठवणींनी, निम्मे धुळीने.)

"गोळे?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"माझं बालपण!"

"ते नंतर बघू. आधी गोळे द्या."

पण आता गोळ्यांत जीव कुणाचा होता? त्याने आपल्या लेकीला, छोटीला, समोर बसवलं आणि गाडीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसत सुरुवात केली. "आमच्या वेळची खेळणी म्हणजे काय होती, सांगू? नाताळच्या सकाळी मी जमिनीवर पालथा पडायचो, नाकासमोर रूळ, आणि ही अशी झुकझुक करत यायची..."

"मग आता चालवा ना, बाबा," छोटी म्हणाली.

त्याने चावी दिली. गाडीच्या पोटातून 'कट्ट' असा आवाज आला आणि आतली स्प्रिंग तुटली. बालपण एवढ्यावरच थांबलं.

खरं तर त्याने गाडी तिथेच ठेवून द्यायला हवी होती. पण कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आजोबा बसले होते. आजी गेल्यापासून ते मुलाकडे राहायला आले होते, आणि "हं", "नको", "असू दे" एवढ्यावर त्यांचं सगळं बोलणं भागत होतं. एकेकाळी नाताळला अख्खी गल्ली हसवणारा हा माणूस! ही गाडी त्यांनीच तर हौसेने आणली होती. ती झाडाभोवती धावली तर? म्हातारा एकदा तरी खुदकन हसेल, या विचाराने चष्मेवाल्याला चैन पडेना. शिवाय दुपारी ताई तिची जुळी पोरं घेऊन येणार होती. त्यांच्यासमोर मामाचा भाव वधारला असता, तो वेगळाच.

"बाबा, दुपारी गाडी आहे बरं का!" तो आजोबांच्या कानाशी ओरडला. (त्यांना ऐकायलाही कमीच यायचं.)

"हं," आजोबा म्हणाले.

चष्म्याच्या दांडीतला मोहरीएवढा स्क्रू बसवणाऱ्या माणसाला आगगाडी दुरुस्त करणं काय कठीण? त्याने दुकानातली हत्यारं आणली. इंजिन चांगलं दांडगं होतं, झोपलेल्या मांजराएवढं. त्याच्या पोटात आता एखादी मोटर हवी होती. त्याने घरभर नजर फिरवली आणि ती स्वयंपाकघराच्या फळीवर जाऊन थांबली. तिथे केकचं मिश्रण फेटायचा विजेचा बीटर होता.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "अहो, माझा बीटर पाहिलात का?"

"कुठला बीटर?"

"आपल्याकडे असे कितीसे बीटर आहेत?"

"असेल गं तिथेच कुठेतरी. आणि हाताने फेटलेल्या केकची चव काही औरच असते!" तो टेबलाखालून म्हणाला. (नेमक्या त्याच क्षणी बीटरची मोटर इंजिनात चपखल बसली.)

दुपारी ताई आली, पदर खोचून थेट वहिनीच्या मदतीला आत गेली. केक तयार होऊन झाडाशेजारच्या टेबलावर आला. बायको दुखरा दंड चोळत होती. एवढ्यात आजोबा बाहेर आले. पायात बूट, गळ्यात मफलर, हातात पिशवी.

"बाबा, कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"दुपारी गाडी आहे म्हणाला ना हा? कुठे जायचंय ते काही बोलला नाही."

त्यांना कसंबसं झाडाजवळच्या खुर्चीत बसवलं. पिशवी मात्र त्यांनी मांडीवरून सोडली नाही. बायका पुन्हा आत गेल्या. झाडाभोवती रूळ मांडले, पोरं पालथी पडली आणि चष्मेवाल्याने मोठ्या थाटात भिंतीवरचं बटण दाबलं.

आता बीटर अंडी फेटण्यासाठी बनवलेला असतो. सावकाश झुकझुक करणं त्याच्या स्वभावातच नसतं. गाडी सुटली ती पिसाळल्यासारखी. पोरांनी आनंदाने किंकाळ्या फोडल्या. मामाची छाती फुगली.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. बीटरची वायर एका टोकाला भिंतीत होती आणि दुसऱ्या टोकाला गाडीत. खुंट्याला बांधलेली शेळी फिरते तशी गाडी फिरत होती आणि दर फेरीला वायरचा वेढा झाडाच्या बुंध्याला बसत होता. वायर तंग झाली. बर्फ म्हणून पसरलेला कापूस चाकांत गेला. मग आजोबांच्या मफलरचं टोक गेलं.

"बाबा, झाड चालतंय!" छोटी ओरडली.

"बटण! बटण!" म्हणत चष्मेवाला धावला, रुळात अडखळला आणि आधारासाठी त्याने जे धरलं ते झाड होतं.

धाडकन आवाज झाला आणि गाडी एकदाची बंद पडली. बायका धावत आल्या तेव्हा झाड आडवं होतं, झाडाखाली चष्मेवाला होता आणि झाडाच्या टोकावरचा तारा केकमध्ये इतका नेमका रोवला गेला होता की जणू सजावटच.

"माझा बीटर!" बायको म्हणाली.

"माझी गाडी!" ताई म्हणाली.

"तुझी?" चष्मेवाल्याने फांद्यांतून डोकं वर काढलं. "गाडी माझी होती, ताई! मला लख्ख आठवतंय, मी असा पालथा पडून..."

"पालथा पडून रडायचास! गाडीला हात लावायची बंदी होती तुला."

तेवढ्यात खुर्चीतून एक चमत्कारिक आवाज आला. सगळे घाबरून वळले. मफलर गळ्यातून गेलेले, केसांत कापूस अडकलेले आजोबा पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग कित्येक महिन्यांत प्रथमच घडाघडा बोलले. "ताई म्हणते ते खरं आहे रे! तुला खेळणं आणून उपयोगच नसायचा. कितीही भारी आणा, तू ते बाजूला टाकून रिकाम्या खोक्यात जाऊन बसायचास. जेवायलासुद्धा बाहेर यायचा नाहीस. तुझी आई ताट खोक्यात सरकवायची!"

आजीचं नाव निघालं, तरी कुणी गप्प झालं नाही. उलट ताईने पुढचा किस्सा सुरू केला, आजोबांनी तो दुरुस्त केला, आणि तारा काढून सगळ्यांनी केक खाल्ला. केक उत्तम झाला होता. (हाताने फेटलेला होता ना. पण हे बोलून दाखवायची चष्मेवाल्याची हिंमत झाली नाही.)

मग भेटी वाटल्या. केक खाता खाता मधेच गायब झालेल्या जुळ्या भाच्यांनी मामाला चकचकीत कागदात बांधलेली भलीमोठी भेट दिली. त्याने उत्सुकतेने कागद फाडला. आत रिकामं खोकं.

"बस ना मामा, बसून दाखव!"

"काहीतरीच काय! लाज नाही वाटत मोठ्यांची थट्टा करायला?" तो गुरकावला. सगळे हसत हसत आत चहाला गेले.

खोली रिकामी झाली. चष्मेवाल्याने खोक्याची भिंत दोन बोटांनी दाबून पाहिली. पुठ्ठा चांगला जाड होता. त्याने दाराकडे नजर टाकली, हळूच एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि गुडघे दुमडून अंग खाली सोडलं.

टर्रर्र!

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "आता तेही मोडलंत का?"