भावोजींच्या उपाशी पोटातली साखर

विठोजीराव पोस्टात पत्रं निवडायचे ते नुसतं पोटासाठी. खरे ते गुप्तहेर. असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि त्या मताला अख्ख्या जयनगरात दुसरा मतदार नव्हता. "बंद पाकीट हुंगून आत लग्न आहे का मयत, ते मी सांगतो," म्हणायचे. बरोबरही निघायचं. पाकिटाच्या कोपऱ्याला हळद लावलेली असली की हमखास.

एकसष्ट सालची गोष्ट. एका सकाळी त्यांची थोरली बहीण तुंगाबाई दारात येऊन पदर डोळ्याला लावून उभी.

"विठू, डॉक्टरनं माझ्यावर आळ घेतलाय रे. म्हणतो, बाई, तुम्ही नवऱ्याला चोरून भात घालता."

झालं होतं असं. तिचे यजमान वासुदेवराव, म्हणजे विठोजीरावांचे भावोजी, त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर नवीन विचारांचा. त्यानं भात बंद केला, रागीमुद्दे म्हणजे नाचणीचे उंडे बंद, बटाटा बंद, केळं बंद, साखर तर बंदच. अंडी खा, मटण खा, मेथी खा, घेवडा खा. दीड महिना भावोजींनी भाताचं शीत पाहिलं नाही. घरी रोज सकाळी लघवीत निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. विटकरी झालं तर साखर, निळं राहिलं तर नाही. रोज निळंशार! पण दवाखान्यात उपाशी पोटी रक्त दिलं की साखर एकशे नव्वद. दोनदा दिलं, दोन्हीदा तेच.

"शुक्रवारी शेवटचं बघतो," डॉक्टर म्हणाला होता. "उतरली नाही तर रोज सुई."

आणि भावोजी कसले, तर देवीची लस टोचणारा गल्लीत शिरला की माळ्यावर चढून बसणारे.

"रडू नकोस, अक्का," विठोजीराव कोट चढवत म्हणाले. "चोर घरातलाच आहे. साखर तिथं मुंगी, आणि मुंगी तिथं चोर!"

अक्काच्या घरी जाऊन दोन तास ते गुडघ्यांवर रांगत मुंग्यांच्या मागे फिरले. स्वयंपाकघर, पडवी, न्हाणी, परत पडवी. शेवटी मुंग्यांची रांग खुंटीवर टांगलेल्या एका कोटाच्या खिशात शिरली. कोट विठोजीरावांचाच. आत म्हैसूरपाकाचा तुकडा. पुरावा घोटाळ्यात पडू नये म्हणून त्यांनी तो तिथंच खाऊन टाकला.

मग भांडी घासणाऱ्या यल्लव्वाची उलटतपासणी.

"खरं सांग. ताटाला शीत कधी चिकटलेलं दिसलं?"

"शीत?" यल्लव्वा राखेचा हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "दीड महिना झाला, मलाच या घरात भात मिळेना अण्णा. उरतच नाही तर काय! ते आधी शोधा की तुम्ही."

विठोजीरावांनी कपाळावर बोट आपटलं. "घरात निळं, दवाखान्यात एकशे नव्वद. म्हणजे साखर वाटेत शिरते! शुक्रवारी मी बरोबर येतो."

शुक्रवारी साडेसहाला ते हजर. निळं औषध निळंच राहिलं. भावोजी बाहेर निघाले. अक्कानं रीतीप्रमाणं दोघांच्या हातावर दही-साखर घातली, एकदाच वाढू नये म्हणून आणखी एकदा घातली, दोघांनी हात चाटून रुमालाला पुसले आणि उजवा पाय बाहेर टाकला. विठोजीरावांनी वहीत लिहिलं : पावणेसात. तोंडात काहीही गेलेलं नाही.

जटक्यात, म्हणजे टांग्यात, ते भावोजींच्या तोंडासमोर तोंड करून बसले. बेकरी आली की त्यांचं नाक दाबायचे.

"अहो मेहुणे, जीव जाईल!"

"वासानंसुद्धा साखर चढते. गप्प बसा."

जटकेवाल्यावर त्यांचा संशय होताच. घोड्यावरही थोडा बसला, कारण तो काहीतरी चघळत होता.

दवाखान्यात अनुसूया नावाची बेळगावकडची नर्स रक्त घ्यायची. तिनं सुई काढली तशी भावोजींनी डोळे मिटले. विठोजीराव छाती काढून म्हणाले, "मी साक्षीदार आहे. काल रात्रीपासून या माणसाच्या पोटात कणसुद्धा गेलेला नाही."

"सरी, बरं," अनुसूया म्हणाली. "मग मिशीला काय लागलंय? दोघांच्याही?"

दोघांचे हात मिशांवर गेले.

"दही," भावोजी म्हणाले.

"आणि साखर," विठोजीराव म्हणाले. पोस्टातला माणूस, खोटं बोलायचे नाहीत.

"म्हणजे खाऊन आलात!"

"छे छे, ते खाणं नव्हे हो!" दोघं एकदम ओरडले. "महत्त्वाच्या कामाला निघताना देतात ते. शकुनाचं."

"किती असतं?"

"स्वल्प," भावोजी पुटपुटले.

विठोजीरावांनी हाताचा खोलगट द्रोण करून दाखवला. "अक्काचा हात सढळ. आणि दोनदा."

"मागच्या दोन्ही वेळांनाही?"

"तेव्हा तर साखर जास्तच घातली होती तिनं," भावोजी म्हणाले. "पास व्हावं म्हणून."

अनुसूयानं सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "उद्या या. खरोखर उपाशी."

घरी तुंगाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आळ खराच होता की रे!" पण पाच मिनिटांत ताठ झाल्या. "काही असो. दही-साखरेशिवाय मी यांना उंबऱ्याबाहेर सोडायची नाही. सुईसमोर काय अपशकुनानं पाठवू?"

मोरीतून यल्लव्वा म्हणाली, "मग यांच्या नावानं अण्णांच्या हातावर घाला की अक्का. देवाला काय, हात कुणाचा ते थोडंच बघायचंय!"

शनिवारी भावोजी हात मागे बांधून उभे राहिले आणि विठोजीरावांनी चार वाढणी एकट्यानं चाटली. दोन स्वतःची, दोन भावोजींची. त्या दिवशी साखर निघाली एकशे चौदा. डॉक्टर म्हणाला, सुई नको, जेवण असंच चालू ठेवा. आणि आळ घेतल्याबद्दल त्यानं बरोबर आलेल्या तुंगाबाईंसमोर हात जोडले. त्यांनी ते मोठ्या मनानं स्वीकारले, दह्याबद्दल अवाक्षर न काढता.

विठोजीरावांनी वहीत लिहिलं : प्रकरण निकालात. गुन्हेगाराचं नाव लिहीत नाही, तिच्याकडे जेवायचं असतं.

तेव्हापासून दर महिन्याला भावोजींचं रक्त आणि विठोजीरावांची चार वाढणी, हे ठरूनच गेलं. वर्ष झालं. भावोजी शिडशिडीत झाले, विठोजीरावांच्या कोटाचं बटण लागेना. एका सकाळी अनुसूयानं आधी भावोजींकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारी धापा टाकत बसलेल्या गुप्तहेराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही बसा. अण्णा, तुम्ही बाही वर करा."

विठोजीरावांनी दवाखान्याला माळा आहे का, ते पाहिलं.